चार मित्र, एक धंदा, ३१ वर्षं: आर.ई.एम. बँडकडून भागीदारी शिकू या



भागीदारीवरच्या आपल्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच. "सर, मित्रासोबत धंदा करू की नको?" घरचे नको म्हणतात. एखादे काका हमखास भेटतात, ते सांगतात की पैसापण जाईल आणि मैत्रीपण जाईल. काका खोटं बोलत नाहीत, त्यांनी तसं झालेलं पाहिलेलं असतं. माझं भांड्यांचं दुकान ज्या रस्त्यावर आहे तिथे "अमुक अँड तमुक" अशा पाट्या असायच्या. आज त्यातल्या काही पाट्यांवर एकच नाव उरलंय.

पण जी भागीदारी टिकली ती कशामुळे टिकली, हे काकांना विचारा. तिथे ते गप्प होतात. म्हणून आज आपण एक टिकलेली भागीदारी उघडून बघणार आहोत. ती दुकानाची नाही, कारखान्याचीही नाही. ती आहे आर.ई.एम. नावाच्या अमेरिकन रॉक बँडची.

हसू नका. बँड म्हणजे काय ते धंद्याच्या नजरेने बघा. चार माणसं, भांडवल जवळपास शून्य. चौघं मिळून माल बनवतात, गावोगाव फिरून विकतात, आलेले पैसे वाटून घेतात. रोज एकाच गाडीत, एकाच खोलीत. यापेक्षा अवघड भागीदारी मला तरी माहीत नाही. बहुतेक बँड काही वर्षांत फुटतात, आणि फुटण्याचं कारण पुष्कळदा आपल्या बाजारपेठेतलंच असतं: पैसे कोणाला किती आणि नाव कोणाचं.

आर.ई.एम. १९८० मध्ये सुरू झाला आणि २०११ मध्ये बंद झाला. म्हणजे ३१ वर्षं आणि १५ अल्बम. बंद झाला तोही भांडण न होता. मला यातलं "बंद झाला" हे जास्त महत्त्वाचं वाटतं, पण तिथे आपण शेवटी येऊ.

दोन डॉलरचं जेवण

जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे. ग्रीसमधलं नाही, अमेरिकेतलं. विद्यापीठाचं गाव, विद्यार्थ्यांच्या जिवावर चालणारं. तिथे वक्सट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक काउंटरवर काम करायचा. मायकल स्टाइप हा तिथला गिऱ्हाईक. बकने स्वतःसाठी बाजूला ठेवलेल्या रेकॉर्डच हा नेमक्या मागायचा. त्यातून ओळख झाली. पुढे बास वाजवणारा माइक मिल्स आणि ड्रमवाला बिल बेरी त्यांना भेटले. हे दोघं मेकन गावच्या शाळेपासून एकमेकांना ओळखत होते, आणि सुरुवातीला त्यांचं आपसात अजिबात पटत नव्हतं. लक्षात घ्या, भागीदार हा लहानपणापासूनचा जिगरी दोस्तच असायला हवा असं काही नाही.

५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला त्यांनी पहिल्यांदा वाजवलं. तेव्हा बँडला नावसुद्धा नव्हतं. ते नंतर डिक्शनरी उघडून, हाताला लागेल ते, असं उचललं. नावासाठी तीन-तीन महिने घालवणाऱ्यांनी ही ओळ परत वाचावी.

मग दीड-एक वर्षं ते जुन्या निळ्या व्हॅनमधून अमेरिकेच्या दक्षिण भागात फिरत राहिले. व्हॅन चालवायचा त्यांचा मॅनेजर जेफरसन होल्ट. जेवणाचा भत्ता माणशी दिवसाला दोन डॉलर. गाणारा असो की ड्रमवाला, सगळ्यांना दोनच. धंदा नवा असताना खर्च दाबून ठेवायचा हे आपण नेहमी बोलतो. इथे मला दुसरी गोष्ट दिसते. भत्ता सगळ्यांना सारखा होता. जिथे दोन डॉलरसुद्धा सारखे वाटले जातात तिथे पुढे दोन लाख आले तर ते कसे वाटायचे हा प्रश्न आधीच अर्धा सुटलेला असतो.

१९८१ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड हिब-टोन नावाच्या एका छोट्याशा कंपनीने काढली. रेकॉर्डिंग झालं ते मिच ईस्टरच्या स्टुडिओत, आणि हा स्टुडिओ होता त्याच्या आई-वडिलांच्या गॅरेजमध्ये. पहिल्या खेपेला १,००० प्रती निघाल्या. त्यातल्या ६०० त्यांनी प्रसिद्धीसाठी फुकट वाटल्या! पत्रकारांना, रेडिओवाल्यांना. नमुना वाटायला तुमचा जीव वर-खाली होत असेल तर हा आकडा फ्रिजवर चिकटवा. बोलबाला एवढा झाला की आणखी ६,००० प्रती काढाव्या लागल्या. गंमत अशी की पहिल्या प्रतींवर कंपनीचा पत्ताच छापायचा राहिला होता. माल आवडला, पण मागवायचा कुठून? तुमच्या बॉक्सवर, बिलावर, पिशवीवर मोबाईल नंबर आहे ना, एकदा उठून बघून या. मी थांबतो.

नाव कोणाचं?

आता मुख्य गोष्ट. संगीताच्या धंद्यात पैसे दोन वाटांनी येतात. एक, वाजवण्याचे. दुसरे, गाणं लिहिण्याचे. दुसरी वाट मोठी असते आणि वर्षानुवर्षं चालू राहते, कारण गाणं कुठेही वाजलं की लिहिणाऱ्याला रॉयल्टी मिळते. पुष्कळ बँडमध्ये गाणी एक-दोघांच्या नावावर असतात. मग होतं काय, त्या दोघांची घरं होतात आणि ड्रमवाला भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच व्हॅनमधून फिरलेला असतो, तेवढाच घाम गाळलेला असतो. पाच-सात वर्षं तो गप्प बसतो आणि मग एक दिवस फुटतो.

आर.ई.एम.ने सुरुवातीलाच ठरवलं की प्रत्येक गाणं चौघांच्या नावावर. बेरी, बक, मिल्स, स्टाइप. चाल कोणाची, शब्द कोणाचे, कोणी किती केलं, हा हिशेब बाहेर मांडायचा नाही. पैसेही सारखे.

तुम्ही म्हणाल, हा तर भाबडेपणा झाला. शब्द जर स्टाइपच लिहितो तर त्याने जास्त का घेऊ नये? ठीक आहे, मग पुढे काय झालं ते बघा. १९९१ मध्ये त्यांचं जगभर गाजलेलं "लूझिंग माय रिलिजन" आलं. त्याची सुरुवातीची धून बकला मेंडोलिन हे नवं वाद्य शिकता शिकता सापडली. पुढच्याच वर्षी "एव्हरीबडी हर्ट्स" आलं. ते मुख्यतः कोणाच्या डोक्यातून आलं? ड्रमवाल्या बेरीच्या! आणि आलेल्या गाण्यात ठेका बराचसा ड्रम मशीनचा आहे. म्हणजे ड्रमवाला गाणं आणतो, आणि त्या गाण्याला खऱ्या ड्रमची फार गरज नाही हेही मान्य करतो. नावं आणि पैसे वेगवेगळे असते तर प्रत्येकाने स्वतःचं गाणं अल्बममध्ये घुसवायला आणि दुसऱ्याचं बाहेर काढायला जोर लावला असता. हिशेब सारखा होता, म्हणून चौघांना एकच प्रश्न उरला: गाणं चांगलं आहे का?

आपल्याकडे याचं रूप वेगळं असतं. एक पार्टनर काउंटर सांभाळतो, दुसरा पहाटे उठून होलसेल मार्केटला जातो. काउंटरवाला म्हणतो, गिऱ्हाईक माझ्या बोलण्यावर येतं. खरेदीवाला म्हणतो, मार्जिन मी आणलेल्या भावात आहे. दोघंही बरोबर असतात, म्हणून तर हे भांडण संपत नाही. "मी होतो म्हणून" हे वाक्य दुकानात ऐकू यायला लागलं की पाटी रंगवणाऱ्याला फोन लावायची वेळ जवळ आली असं मी समजतो.

इथे एक धोक्याची सूचना देतो, नाहीतर उद्या कोणीतरी हा लेख दाखवून पार्टनरकडे अर्धा गल्ला मागेल. सारखी वाटणी चालली, कारण चौघं पूर्ण वेळ देत होते आणि चौघांनी सारखाच धोका घेतला होता. तुमचा पार्टनर पैसे घालून नोकरीला जात असेल आणि तुम्ही सकाळी नऊ ते रात्री दहा दुकानात उभे असाल तर ५०-५० हा अन्याय आहे. अशा वेळी काम करणाऱ्याचा पगार आधी काढा आणि उरलेला नफा वाटा. हा पगार करारनाम्यात लिहिलेला असेल तरच फर्मला आयकरात खर्च म्हणून धरता येतो, तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. म्हणून "आपलं तोंडी ठरलंय" हे विसरा, सीएकडे बसून लिहून घ्या.

आणि काहीच लिहिलं नाही तर? आपला भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा सारखा वाटला जातो आणि तोटाही सारखाच. भांडवल कोणी किती घातलं हे तिथे बघितलं जात नाही. बीबीएला हे कलम आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. दुकानाच्या लाइनीत आल्यावर कळलं की या एका ओळीवर घरं मोडतात.

एकाने नाही म्हटलं तर नाही

दुसरा नियम याहून धाडसी होता. निर्णयात चौघांचं मत सारखं, आणि प्रत्येकाला नकाराधिकार. तिघं हो म्हणाले आणि एक नाही म्हणाला, तर ती गोष्ट होत नाही.

कागदावर वाचलं तर वाटतं, याने धंदा अडून बसेल. पण सवय लागते ती वेगळीच. तिघं मिळून चौथ्याला चेपू शकत नाहीत म्हटल्यावर चौथ्याला पटवावं लागतं, आणि पटवायला गेलं की आपल्याच म्हणण्यातल्या फटी दिसतात.

आपल्या कायद्यातही याची सावली आहे. कलम १२ सांगतं की रोजच्या कामातले मतभेद बहुमताने मिटवा, पण धंद्याचं स्वरूपच बदलायचं असेल तर सगळ्या भागीदारांची संमती हवी. म्हणजे कुकर कोणत्या कंपनीचा ठेवायचा हे बहुमताने ठरेल. भांड्यांचं दुकान बंद करून मोबाईलचं टाकायचं असेल तर सगळे हवेत. पण तुम्ही दोघंच पार्टनर असाल तर? दोघांत बहुमत म्हणजे काय? एक विरुद्ध एक. म्हणून दोघांच्या भागीदारीत कामाचे विभाग पाडा. खरेदीत अमुकचा शब्द शेवटचा, उधारी आणि कामगारांबाबत तमुकचा, आणि कर्ज, जागा, नवी शाखा या तीन गोष्टींना दोघांची सही. नाहीतर तुमचे निर्णय दुकानात होणार नाहीत, दोघांच्या घरी जेवताना होतील. तिथे सल्लागार फार असतात.

त्यांच्याबरोबर अगदी सुरुवातीपासून आणखी एक माणूस होता, बर्टिस डाउन्स. अथेन्समध्येच कायद्याचं शिक्षण घेतलेला. तो त्यांचा वकील झाला आणि पुढे मॅनेजरही. करार वाचणारा माणूस त्यांनी पैसा आल्यावर शोधला नाही, पैसा येण्याआधी जवळ केला. १९९६ मध्ये होल्ट आणि बँड वेगळे झाले तेव्हा कारणं आणि अटी बाहेर काढायच्या नाहीत असं दोन्ही बाजूंनी ठरवलं. नंतर कोणी मुलाखती देत सुटलं नाही. व्यवहार संपवण्याची ही रीत शिकण्यासारखी आहे, विशेषतः ज्यांच्या धंद्यातली भांडणं व्हॉट्सअॅप स्टेटसवर होतात त्यांनी.

सावकाश वाढ

१९८२ मध्ये आय.आर.एस. या कंपनीशी करार झाला. पहिल्या अल्बमसाठी कंपनीने एक निर्माता दिला. त्याला तांत्रिक सफाईचं वेड, तो एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घ्यायचा. यांना ते जमेना. यांनी कंपनीकडे मागणी केली की आम्हाला आमच्या गॅरेजवाल्या ईस्टरकडेच काम करू द्या. ईस्टर आणि डॉन डिक्सन यांच्याबरोबर केलेला तो अल्बम म्हणजे १९८३ चा "मर्मर". रोलिंग स्टोन मासिकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. मायकल जॅक्सनचा "थ्रिलर" बाजार गाजवत होता ते हेच वर्ष.

कौतुक झालं, पण खप? वर्षअखेर साधारण दोन लाख प्रती. कंपनीची अपेक्षा यापेक्षा जास्त होती. मोठी रेडिओ स्टेशनं त्यांना वाजवत नव्हती, वाजवायची ती कॉलेजच्या पोरांनी चालवलेली स्टेशनं. मुख्य बाजारात न बसणाऱ्या या संगीतालाच पुढे अल्टरनेटिव्ह रॉक असं नाव पडलं. मग यांनी काय केलं? दरवर्षी एक अल्बम आणि दरवर्षी गावोगाव दौरा. १९८३ ते १९८७, पाच वर्षांत पाच अल्बम. पाचव्या अल्बममधलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या दहात गेलं आणि अल्बमचा खप दहा लाखांवर पोचला.

पाचवं वर्ष, मित्रांनो. आपल्याकडे सहाव्या महिन्यात मुलं विचारतात, "सर, चालत नाहीये, लाइन बदलू का?" पण इथे नीट बघा, ते एकच गोष्ट पाच वर्षं रेटत नव्हते. निर्माते बदलले, एक अल्बम तर लंडनला जाऊन केला. माल सुधारत गेले, गिऱ्हाईक मात्र तेच ठेवलं.

१९८८ मध्ये आय.आर.एस.चा करार संपला. परदेशातलं वितरण कमी पडतंय अशी यांची तक्रार होती. आता मोठ्या कंपन्या रांगेत उभ्या. काहींनी जास्त पैसे देऊ केले होते. यांनी निवडली वॉर्नर ब्रदर्स, कारण त्यांनी काय बनवायचं याचं पूर्ण स्वातंत्र्य दिलं. रक्कम ६० लाख ते १ कोटी २० लाख डॉलरच्या दरम्यान असल्याचं तेव्हा छापून आलं होतं, म्हणजे उपाशी राहून तत्त्व पाळलं असं नाही. पोट भरल्यावर उरलेल्या जास्तीच्या पैशांत आपण काय विकतोय, एवढंच त्यांनी बघितलं.

स्वातंत्र्याचा उपयोग काय झाला तेही बघा. १९८९ मध्ये जवळपास वर्षभर दौरा करून ते थकले. मग "आउट ऑफ टाइम" (१९९१) आणि "ऑटोमॅटिक फॉर द पीपल" (१९९२) या दोन्ही अल्बमसाठी त्यांनी मोठा दौरा केलाच नाही. अल्बम काढायचा आणि विकायला फिरायचं नाही, हे त्या धंद्यात वेडेपणाचं समजलं जायचं. पण हेच त्यांचे सगळ्यात जास्त खपलेले अल्बम, प्रत्येकी एक कोटीच्या वर. "लूझिंग माय रिलिजन"च्या व्हिडिओने ते काम केलं. तो व्हिडिओ करणारा दिग्दर्शक म्हणजे तरसेम सिंग, जालंधरमध्ये जन्मलेला आपला माणूस. वेळ काढून बघा, कोणकोणती चित्रं आठवतात ते मला सांगा.

आणि "ऑटोमॅटिक फॉर द पीपल" हे नाव कुठून आलं माहितीये? अथेन्समधल्या वीव्हर डीज नावाच्या साध्या खानावळीच्या पाटीवरचं ते घोषवाक्य. एवढा मोठा बँड, पण त्या मालकाकडे जाऊन त्यांनी वापरण्याची परवानगी मागितली. छोट्या दुकानदाराची एक ओळ जगभर गेली! तुमच्या पाटीवर काय लिहिलंय? "एकदा भेट द्या"?

एक पार्टनर उठला

१९९५ चा दौरा त्यांना फार महाग पडला. १ मार्चला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात कार्यक्रम चालू असताना बिल बेरी स्टेजवर कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुगली होती. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला आणि महिन्याभरात सावरला. जुलैत मिल्सच्या पोटाची शस्त्रक्रिया, ऑगस्टमध्ये स्टाइपच्या हर्नियाची. एका दौऱ्यात चारपैकी तिघं ऑपरेशन टेबलवर.

१९९६ मध्ये वॉर्नरने नवा करार केला. पाच अल्बम आणि ८ कोटी डॉलर, असा आकडा तेव्हा गाजला. त्या काळातला हा सगळ्यात मोठा करार मानला गेला. माझ्या मते कंपनीने मागच्या दिवाळीच्या गल्ल्यावरून पुढच्या पाच दिवाळ्यांची ऑर्डर दिली. आपणही देतो. पण तो कंपनीचा विषय झाला.

ऑक्टोबर १९९७ मध्ये बेरीने जाहीर केलं की मी थांबतोय. भांडण नव्हतं. त्याला हे काम पूर्वीसारखं करावंसं वाटत नव्हतं आणि शेतीत रमायचं होतं. त्याने बाकीच्यांना एक अट घातली: माझ्या जाण्याने बँड फुटणार असेल तर मी जाणार नाही. तिघांनी शब्द दिला की आम्ही चालू ठेवू. तेव्हा तो गेला, आणि खरोखरच शेतकरी झाला.

इथे क्षणभर थांबा आणि स्वतःच्या दुकानाचा विचार करा. उद्या तुमचा पार्टनर म्हणाला, "मला झेपत नाही, मी थांबतो," तर? त्याचे किती पैसे द्यायचे? मालाचा भाव खरेदीचा धरायचा की विक्रीचा? दुकानाच्या नावाची किंमत किती? डिपॉझिट कोणाचं? उधारी बुडीत निघाली तर कोणाच्या खात्यात? मी शिकवताना वर्गात हे विचारतो तेव्हा शांतता पसरते. मित्रांमध्ये हे विचारणं अपशकुनासारखं वाटतं, लग्नातच घटस्फोटाचं बोलल्यासारखं.

कायदा काय म्हणतो ते ऐका. करारात मुदत लिहिलेली नसेल आणि भागीदारी कशी संपवायची हेही लिहिलेलं नसेल, तर ती इच्छेवर चालणारी भागीदारी मानली जाते. कलम ४३ प्रमाणे अशा फर्ममधला कोणताही पार्टनर लेखी नोटीस देऊन अख्खी फर्म विसर्जित करू शकतो. कलम ४२ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर एका पार्टनरच्या मृत्यूनेही फर्म संपते. आणि कलम ३७ तर सगळ्यांनी पाठ करावं: पार्टनर गेला, त्याचा हिशेब मिटवला नाही आणि तुम्ही त्याच्या पैशावर धंदा चालूच ठेवला, तर तो त्याच्या पैशातून झालेल्या नफ्यातला वाटा मागू शकतो किंवा त्या रकमेवर वर्षाला ६ टक्के व्याज. निवड त्याची. "देऊ रे सावकाश" हे तोंडाने म्हणायला सोपं आहे. आणि हो, फर्म नोंदवलेली नसेल तर कलम ६९ मुळे करारातल्या हक्कासाठी पार्टनरवर दावा लावायलाही अडचण येते. नोंदणीचा खर्च एका चांगल्या मिक्सरइतकाही नसतो.

बेरीच्या जागी त्यांनी कोणाला आणलं? कोणालाच नाही. पुढे वेगवेगळे ड्रमवाले आले, वर्षानुवर्षं वाजवून गेले, पण मोबदल्यावर. चौथा मालक केला नाही. स्टाइप तेव्हा म्हणाला होता की तीन पायांचा कुत्रा हा कुत्राच असतो, त्याला फक्त वेगळं पळायला शिकावं लागतं. हाताखाली माणूस हवा असतो तेव्हा आपण पुष्कळदा घाईने पार्टनर करून टाकतो, कारण पगार द्यायला पैसे नसतात. पगार महिन्याला संपतो, हिस्सा संपत नाही.

जुन्या गाण्यांवर बेरीचं नाव तसंच राहिलं. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला तेव्हा तो आला आणि तिघांबरोबर वाजवूनही गेला.

उतार

पुढचं सगळं गोड नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बेरी गेल्यावरचा पहिला अल्बम करताना बँड फुटायच्या बेताला आला होता. अमेरिकेतला खप उतरत गेला. २००४ चा अल्बम तर इतका निस्तेज निघाला की पुढे बकनेच सांगितलं, तो ऐकवत नाही, कंटाळलेली माणसं वाजवतायत असं वाटतं. स्वतःच्या मालाबद्दल इतकं स्पष्ट बोलणारा मालक विरळा. एखादी लाइन चालेना की आपण दोष ऑनलाइनला देतो, मॉलला देतो, सरकारला देतो.

यातून बाहेर कसे पडले ते बघण्यासारखं आहे. २००७ मध्ये डब्लिनच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये त्यांनी सलग पाच रात्री कार्यक्रम केले आणि ते तालमी म्हणूनच जाहीर केले. नवी, कच्ची गाणी लोकांसमोर वाजवली. कुठे लोक हलतात, कुठे चुळबुळतात, ते बघितलं. मग २००८ मध्ये जेमतेम ३५ मिनिटांचा "अॅक्सलरेट" काढला. लांबण नाही, भरताड नाही. पुन्हा कौतुक झालं. पहिल्या रेकॉर्डच्या ६०० फुकट प्रती आणि या पाच रात्री, मला तरी हे एकच काम वाटतं: पैसे अडकवण्याआधी गिऱ्हाईकाचं तोंड बघणं.

मार्च २०११ मध्ये पंधरावा अल्बम आला. वॉर्नरच्या करारातले पाचही अल्बम पूर्ण झाले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला त्यांनी स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर केलं की आम्ही थांबतोय. मिल्सने लिहिलं की आमच्यात बेबनाव नाही, वकील एकमेकांसमोर उभे नाहीत, आम्ही हे मिळून ठरवलंय. निरोपाचा मोठा दौरा काढून शेवटची कमाई करता आली असती. ती केली नाही. पुढे वर्षानुवर्षं एकत्र येण्याचे प्रश्न विचारले गेले, उत्तर नाहीच राहिलं. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये चौघांचा सन्मान झाला. चौघांचा, बेरीसकट, कारण गाणी चौघांच्या नावावर होती. त्या रात्री चौघांनी मिळून एकच गाणं वाजवलं आणि आपापल्या घरी गेले.

पुढच्या व्हिडिओत आपण भागीदारी करारनाम्याचा एक नमुना उघडून एकेक कलम वाचणार आहोत. त्याआधी एवढं करा. पार्टनरसोबत किंवा होणाऱ्या पार्टनरसोबत चहाला बसा, दुकानात नको, घरी तर नकोच. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: मी आठवड्याला किती तास देणार, कोणत्या गोष्टीला मी एकटा नाही म्हणू शकतो, आणि मी उद्या थांबलो तर मला किती पैसे, किती दिवसांत मिळावेत. लिहून झाल्यावर कागद बदला. तिसऱ्या प्रश्नाच्या आकड्यांत जेवढा फरक निघेल, तेवढं काम सीएकडे जाण्याआधी तुम्हाला करायचंय. कागद घेऊन या, व्हिडिओत लागतील.